लेंटमधला बायबल अभ्यास वर्ग: मनातली अढी काढायला शिकवणारा, जमेल त्यांनी नक्की करा

यंदा लेंटमधे, म्हणजे इस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, पुण्यातल्या एका चर्चने घेतलेला बायबल अभ्यास वर्ग पूर्ण केला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय. चर्चचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण वर्गात लोक आपापल्या घरातलं, सासरमाहेरचं, मंडळीतलं (म्हणजे चर्चच्या लोकांमधलं) मोकळेपणाने बोललेत आणि पहिल्याच दिवशी ठरलं होतं की इथलं बोलणं इथेच राहील. पण असा वर्ग कोणत्याही मंडळीत सुरू करता येईल, आणि करावाच असं मला मनापासून वाटतं, म्हणून काय शिकवतात, कसं शिकवतात, कुठे कमी पडलं ते सगळं सांगते.

विषय थोडक्यात सांगायचा तर विश्वासात वाढ का खुंटते. आता या विषयावर आपण लहानपणापासून ऐकतोय, आणि बहुतेक वेळा गाडी दारू, जुगार, सिनेमा, तंबाखू यावर येऊन थांबते. इथे त्यातलं काहीच नव्हतं. दर रविवारी उपासनेला येणारा, दशांश (कमाईचा दहावा भाग) देणारा, महिला मंडळात नाहीतर तरुण संघात काम करणारा जो माणूस आहे, त्याच्या मनात वर्षानुवर्षं काय बसून राहतं ते त्यांनी घेतलं. राग धरणं, दुसऱ्याचा हेवा, सतत कुरकुर, पाठीमागे बोलणं, आणि आम्ही जुने ख्रिस्ती तुम्ही नवे हा मोठेपणा. या गोष्टींवर मंडळीत कुणी कुणाला टोकत नाही, उलट अशी माणसं वर्षानुवर्षं कमिटीवर असतात, आणि म्हणूनच त्या जास्त घातक आहेत असं पास्टरांचं म्हणणं होतं आणि मला ते शंभर टक्के पटलं.

वर्ग भस्म बुधवारनंतरच्या (या दिवशी लेंट सुरू होतो) शनिवारी सुरू होतो आणि पाम संडेच्या (इस्टरच्या आधीचा रविवार) आदल्या शनिवारी संपतो, म्हणजे सहा शनिवार, संध्याकाळी दोन तास. फी नाही, फक्त झेरॉक्स वहीचे पैसे आणि ज्याला वाटेल त्याने दानपेटीत टाकायचं. सुरुवातीला पेटी तबल्यावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं भजन, मग वाचन, मग शिकवण, मग चार-पाच जणांचे गट. आणि शेवटी प्रत्येकाला आठवड्याचं एक काम. वर्गाची खरी ताकद या कामात आहे, कारण रडून प्रार्थना करून हलकं वाटून घरी जायचं आणि सोमवारी परत तेच, हे आपल्याकडे फार होतं. इथे पुढच्या शनिवारी विचारतात की केलंत का, आणि नसेल केलं तर रागवत नाहीत पण विषय सोडतही नाहीत.

सगळ्यात चांगला शनिवार कोणता विचाराल तर दुसरा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला येशूने सांगितलेला तो दाखला, राजा एका चाकराचं प्रचंड कर्ज माफ करतो आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबतच्या चाकराची थोड्या पैशांसाठी नरडी धरतो. हा दाखला मी कितीतरी वेळा ऐकलाय, पण शिकवणाऱ्या मॅडम (शाळेतून रिटायर झालेल्या गणिताच्या शिक्षिका आहेत) फळ्यावर सरळ हिशोब मांडायला लागल्या. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तयाच्याच 20व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक तेवढीच ठरवतो. एक टॅलेंट म्हणजे साधारण 6,000 दिनार. चाकराचं स्वतःचं कर्ज 10,000 टॅलेंट, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. आज नाक्यावरच्या मजुराला दिवसाचे 500 रुपये धरा, तर होतात 3,000 कोटी रुपये. आणि त्याला दुसऱ्याकडून येणं होतं 100 दिनार, म्हणजे 50 हजार रुपये.

फळ्यावर 3,000 कोटी आणि त्याच्याखाली 50,000 असं लिहून मॅडम गप्प उभ्या राहिल्या. आता बहुतेक प्रवचनांत इथून पुढे येतं की बघा, तुमच्यावर झालेला अन्याय किती क्षुल्लक आहे. मॅडम म्हणाल्या, "50 हजार काही थोडे नाहीत हं. मजुराची 100 दिवसांची कमाई आहे. प्रभूने रक्कम एक दिनार अशी नाही सांगितली. तुमचं जे नुकसान झालंय ते खरं आहे, त्याला खोटं म्हणू नका." मग त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला आणि लिहायला सांगितलं की कुणाकडून काय येणं आहे. पैसेच असं नाही, मान, माफी, वाटणी, आजारपणात न आलेलं माणूस, लग्नात न केलेलं बोलावणं, सगळं. हॉलमधे बराच वेळ फक्त पेनांचा आवाज. मी नगरच्या घराच्या वाटणीचं लिहिलं. आमच्या बाबांवर अन्याय झालाय तो झालाय, कागदावर लिहिल्याने तो कमी झाला नाही, पण गेली कित्येक वर्षं कुणी नगरचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तो हिशोब आपोआप सुरू व्हायचा, तो या वर्गानंतर थांबलाय हे मी अगदी खात्रीने सांगू शकते. वाटणी अजून तशीच आहे. वकील आहे, कागदपत्रं आहेत, त्याचं काम चालू राहील. पण मी आता नातेवाइकांच्या पोरांशी फोनवर नीट बोलते.

आणि त्याच दिवशी एक फार महत्त्वाची गोष्ट झाली, जी मी याआधी कुठल्याच चर्चमधे ऐकली नव्हती. एका बाईंनी विचारलं की मग नवरा मारत असेल तरी क्षमा करून नांदायचं का. माझ्या ओळखीत एका मंडळीत अशाच एका मुलीला सत्तर वेळा सात (म्हणजे क्षमा करतच राहा) हे वचन सांगून परत घरी पाठवलेलं मला माहितीये आणि त्याचा राग मला आजही आहे. इथे पास्टर उठले आणि 1 शमुवेल 24 उघडायला लावलं. दावीदाच्या जिवावर उठलेला, त्याच्यावर भाला फेकलेला शौल राजा एन-गेदीच्या गुहेत दावीदाच्याच तावडीत सापडतो, दावीद त्याला मारत नाही, फक्त झग्याचं टोक कापतो आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. शौल रडतो, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस म्हणतो. आणि अध्यायाच्या शेवटी काय होतं? शौल आपल्या घरी जातो आणि दावीद आपल्या माणसांना घेऊन गडावर जातो. राजवाड्यात परत जात नाही! सूड घ्यायचा नाही हे ठरलं, पण भाला फेकणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसायचंही नाही. योसेफाचं पण सांगितलं, ज्या भावांनी त्याला विकलं होतं त्यांना त्याने ओळख दिली ती लगेच नाही, आधी त्यांची नीट पारख केली, धाकट्या बन्यामिनासाठी त्यांच्यातला यहूदा स्वतःला गुलाम म्हणून द्यायला तयार झाला तेव्हा कुठे त्याला रडू आवरेना. मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहिला, घरगुती हिंसाचाराचा 2005चा कायदा काय संरक्षण देतो ते दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढच्या सगळ्या शनिवारी तो नंबर तिथेच राहिला, कुणी पुसला नाही. फक्त एवढ्या एका गोष्टीसाठी मी या वर्गाला पाचपैकी पाच द्यायला तयार आहे.

चौथा शनिवार जातीचा. हो, जातीचाच. आपल्या मंडळ्यांत हे बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे, बाप्तिस्म्याने सगळं गेलं असं म्हणायचं आणि मुलीचं स्थळ बघताना मात्र हळूच चौकशी करायची की मूळचे कुठले, आडनाव आधी काय होतं. पास्टरांनी पौलाच्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतला. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र आधी परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आल्यावर लोक काय म्हणतील म्हणून मागे सरला, वेगळा झाला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला. हा तोच पेत्र ज्याला कुणाही माणसाला अशुद्ध म्हणू नको असा यापोत गच्चीवर दृष्टांत झाला होता, जो कर्नेल्य या परराष्ट्रीय अधिकाऱ्याच्या घरी जाऊन आला होता. म्हणजे एवढं सगळं होऊनही माणूस चार लोकांच्या भीतीने जुन्या सवयीवर परत जाऊ शकतो, आणि ते घडतं कुठे तर जेवणाच्या पंगतीत. आपल्याकडे पण ते तिथेच दिसतं ना.

मग मॅडमनी लक्ष्मीबाई टिळकांचं, म्हणजे नारायण वामन टिळकांच्या पत्नीचं, सांगितलं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या काळात केवढी ताटातूट, आणि नंतर नवऱ्याकडे राहायला आल्या तरी यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचलं असेल त्यांना माहीतच आहे की जात माणसाने केली, देवाने नाही हे एकदा त्यांच्या मनाने घेतल्यावर त्यांनी ते सगळं टाकून दिलं, कुणाच्याही हातचं खायला प्यायला लागल्या, आणि हे बाप्तिस्म्याच्या आधी बरं का! मॅडमचा मुद्दा असा होता की त्या बाईंनी आधी मनातली भिंत पाडली आणि मग पाण्यात उतरल्या, आणि आपण चार पिढ्यांपूर्वी पाण्यात उतरलेले लोक अजून भिंत सांभाळतोय. हे ऐकताना हॉलमधे काही चेहरे पडले होते, एक काका तर उठून बाहेर गेले आणि पुढच्या शनिवारी आले नाहीत. पण त्याच्या पुढच्या शनिवारी आले आणि मागच्या खुर्चीवर बसले, हेही सांगायला हवं.

त्या दिवशीचं काम होतं की ज्या घरी आपण कधी जेवलो नाही अशा मंडळीतल्या एका घरी जाऊन जेवायचं. त्यांना आपल्याकडे बोलवायचं नाही, आपण जायचं. हा फरक फार बारीक विचार करून ठेवलाय असं मला वाटलं, कारण बोलावणारा नेहमी वरचढ राहतो. मी ज्यांच्याकडे गेले ते कुटुंब मूळचं जालन्याकडचं, त्यांनी बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता, सुकट होती, आणि त्या घरची आजी संपूर्ण जेवणभर मला सांगत होती की या चर्चमधे येऊन त्यांना किती वर्षं झाली तरी अजून वाचनाला त्यांच्या घरातलं कुणाचं नाव लागत नाही. हे मी पास्टरांना जाऊन सांगितलं. इस्टरच्या उपासनेत त्यांच्या नातीने वाचन केलं.

उडाऊ पुत्राच्या दाखल्यातल्या (धाकटा पैसे उडवून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो) थोरल्या भावाचा शनिवारही चांगला होता, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच की त्या भावाची सगळी तक्रार हिशोबाच्या भाषेत आहे, इतकी वर्षं सेवा केली आणि मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीस, आणि बाप जसा धाकट्यासाठी घराबाहेर धावला तसाच या थोरल्यासाठीही पंगत सोडून बाहेर आला. तो आत गेला की नाही ते लूक सांगत नाही. आमच्या गटातल्या एक काकू, ज्यांनी सासूचं अंथरुणातलं सगळं काढलं आणि शेवटी नाव झालं धाकट्या जावेचं, त्या यावर खूप वेळ बोलल्या. आठवड्याच्या कामात त्या जावेकडे जाऊन आल्या. जावेने चहा केला, पण विषय निघाल्यावर उठून आत गेली. पुढच्या शनिवारी काकूंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं आता कुणीतरी म्हणेल की प्रार्थना करा, देव तिचं मन बदलेल. तसं नाही झालं. रोमकरांस 12 मधलं वचन वाचलं, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा. तुमच्याकडचं तुम्ही केलंत, बाकीचं तुमच्या हातात नाही. काकूंचा चेहरा एवढा मोकळा झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

जिभेच्या शनिवारी याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय, ज्या तोंडाने देवाची स्तुती त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे केलेल्या माणसांना शाप. पण याचं सगळ्यात उपयोगी वळण म्हणजे मत्तय 18:15 पासूनचा क्रम. भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने एकांतात जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपल्याकडे हा क्रम बरोब्बर उलटा चालतो, आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्या मंडळीला कळतं, मग एक-दोन जण मजा बघायला येतात, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी कुणीच बोलत नाही. आणि प्रार्थनेची विनंती म्हणून जी बातमी पसरवली जाते ना, अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं असं असं चाललंय, त्यावर पास्टर स्पष्ट बोलले की ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला विचारल्याशिवाय ग्रुपवर नाव टाकायचं नाही. आमच्या मंडळीत हा नियम आता लागू झालाय.

आता कमतरता. रागाचा शनिवार मला अगदीच वरवरचा वाटला. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा हे इफिसकरांचं वचन घेतलं आणि दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, दहापर्यंत मोजा अशा गोष्टींत वेळ गेला. त्याच वचनात रागवा पण पाप करू नका असंही आहे, प्रभूने मंदिरातले चौरंग उलथले, मार्क 3 मधे वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करताना लोकांच्या मनाच्या कठीणपणावर तो रागावला, त्यामुळे कुठला राग धरायचा नाही आणि कुठला राग असायलाच हवा यावर बोलणं गरजेचं होतं. विशेषतः मंडळ्यांच्या मालमत्तेचे वाद, ट्रस्टचे हिशोब, यावर ज्यांना राग येतो त्यांना लगेच कडवट मनाचे ठरवून गप्प बसवलं जातं, आणि हा वर्ग तसा वापरला जाऊ शकतो ही भीती मला वाटते. मी हे फीडबॅकमधे लिहून दिलंय.

वहीची झेरॉक्स फार फिकट आहे, ज्येष्ठ लोकांना वाचता येत नव्हती. वचनं एकाच भाषांतरातून द्यायला हवीत, अर्धे लोक बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र घेऊन बसतात आणि वहीत सोप्या मराठीतलं छापलंय, सारखं हा शब्द कुठे तो शब्द कुठे करत शोधण्यात वेळ जातो. पुरुष कमी होते. जे होते ते गटात बोलायला फार वेळ घेत होते, म्हणजे तिसऱ्या शनिवारपर्यंत ते फक्त दुसऱ्यांच्या राजकारणाबद्दल बोलत होते, नंतर हळूहळू घरचं निघालं, त्यामुळे पुरुषांचे वेगळे गट असते तर लवकर मोकळे झाले असते असं मला वाटतं. मुलांना सांभाळायची सोय मात्र छान होती, संडे स्कूलच्या ताया शेजारच्या खोलीत मुलांना घेऊन बसायच्या, म्हणून तरुण आया येऊ शकल्या.

कुणी जावं? ज्यांचं कुणाशीतरी बोलणं बंद आहे त्यांनी जावं. ज्यांना वाटतं की उपासनेत बसूनही मन कोरडं राहतं, गाणी म्हणतो पण आत काही हलत नाही, त्यांनी जावं. मंडळीच्या कमिटीवर जे आहेत त्यांनी तर सगळ्यात आधी. ज्यांच्यावर नुकताच मोठा आघात झालाय, घरात मृत्यू, घटस्फोट, मारहाण, त्यांनी लगेच गटात बसू नये असं मी सुचवेन, आधी पास्टरांशी किंवा चांगल्या समुपदेशकाशी एकट्याने बोलावं, कारण गटात सगळेच समजूतदार नसतात आणि एखादं चुकीचं वाक्य खोल लागतं.

पुढच्या वर्षी 10 फेब्रुवारीला भस्म बुधवार आहे, म्हणजे वर्ग 13 तारखेला सुरू होईल, नाव नोंदणी साधारण जानेवारीत उपासनेनंतर टेबलावर असते. तुमच्या चर्चमधे करायचा असेल तर मॅडम वहीची फाइल द्यायला तयार आहेत, फक्त त्यांची एक अट आहे की आठवड्याचं काम गाळायचं नाही आणि पहिल्यांदा कमिटीने स्वतः ते सहा शनिवार बसून करायचं.